डोंगराचे मिटलेले तोंड

मंगळवार, ता. १८ एप्रिल १९४४. सातारा.

आरंभीच क्षमा मागते; कोणाची, ते मात्र नीटसे ठाऊक नाही. ज्यांच्या दिवसांना काही वजन असते त्यांनी रोजनिशी लिहावी. माझे दिवस म्हणजे मुलींची शाळा, नळावरची रांग, आईचे गुडघे आणि नकलून काढायची पाने. तरी लिहिते, कारण ही वही गुरुजींनी दिली आहे आणि कागदाच्या अशा टंचाईत कोरी वही कोरीच ठेवणे हा अपराध ठरेल. "रोज चार ओळी लिहीत जा, इंदुमती. वाक्याला वळण लागते," असे ते म्हणाले होते. तेव्हा या चार ओळी. अधिक लिहिण्याची योग्यता नाही.

यापुढे गु. म्हणजे गुरुजी. मु. प्र. म्हणजे त्यांच्या पुस्तकाची मुद्रणप्रत.

गुरुवार, ता. २० एप्रिल

शाळेला सुट्टी लागली. मला नाही. मु. प्र. ची सोळा पाने झाली. उजव्या हाताचे मधले बोट सुजले आहे.

गु. सांगलीस लेकीकडे राहावयास गेल्याला दोन वर्षे झाली. डोळे अधू. ठसठशीत मोठे अक्षर भिंगाने स्वतः वाचतात. बाकी सर्व त्यांची नात वाचून दाखवते, तेही इतक्या मोठ्याने की ओसरीवरचे, माजघरातले सारे ऐकतात. तीस वर्षांची टिपणे त्यांनी ट्रंकेत भरून माझ्याकडे धाडली. मुलांसाठी सृष्टिज्ञानाचे पुस्तक, चौदा धडे. छापखान्याला वर्षभर अर्ज करून कागदाचा परवाना मिळाला आहे. दहा जूनच्या आत मु. प्र. सांगलीत पोहोचली नाही तर तो कागद दुसऱ्या कोणाला जाईल.

अट एकच. "मक्षिकेच्या जागी मक्षिका. मूळ कागदावर माशी चिकटली असेल तर तुझ्याही कागदावर माशी हवी. माझा शब्द इकडचा तिकडे नको." पूर्वी एकदा कोणी त्यांच्या लेखात सुधारणा केल्या होत्या, ते दुःख अजून आहे.

पुस्तक झाले की ट्रेनिंग कॉलेजसाठी शिफारसपत्र देणार आहेत. ते मी मागितलेले नाही. हवे मात्र आहे.

सोमवार, ता. २४ एप्रिल

शाळेच्या आवारात विहिरीचे काम सुरू झाले. आम्ही शाळेमागच्याच दोन खोल्यांत राहतो, म्हणून मुख्याध्यापिका बाईसाहेबांनी देखरेख माझ्यावर सोपवली. देखरेख म्हणजे खिडकीत बसून नक्कल करणे आणि मधून मधून मान वर करणे.

वडारांचे बिऱ्हाड आले आहे. हणमंता, त्याची बायको यल्लव्वा, दोघे भाऊ. सुरुंगाची दारू मिळत नाही; सरकारला वाटते ती चळवळवाल्यांच्या हाती पडून पुलाखाली जाईल. त्यामुळे सारे पहार, घण आणि छिन्नीवर. दिवसभर ठण् ठण्. त्या ठेक्यावर माझे अक्षर नाचू लागले. एक पान पुन्हा लिहावे लागले.

यल्लव्वा खिडकीशी येऊन उभी राहिली. डोक्यावर दगडाची बुट्टी तशीच.

"बाई, सकाळधरनं काय लिवताय वो एवडं?"

"दुसऱ्याचे लिहिलेले उतरून काढते."

"मंग त्येच्यात तुमचं काय?"

मी टाक दौतीत बुडवला. ती बुट्टी रिती करून परत गेली. तिलाही उत्तराची घाई नव्हती.

मंगळवार, ता. २ मे

तीन धडे झाले. पहिल्या धड्यात गु. लिहितात: "मुलांनो, पुस्तकात आहे म्हणून खरे मानू नका. उठा, जाऊन पाहा." किती साधे वाक्य आहे. नकलताना मात्र वाटले, हे वाक्य फक्त पाय चांगले असलेल्यांसाठी आहे. गु. चा डावा पाय लहानपणापासून अधू. काठीशिवाय चालवत नाही. त्याच पायाने ते उंब्रजला आमच्या घरी आले होते, मी दहा वर्षांची असताना. वडील नुकतेच गेले होते. चुलते म्हणत होते, पोरीला उसाच्या भांगलणीला लावू. गु. अंगणातल्या खाटेवर दोन तास बसले. उठले तेव्हा माझी शाळा ठरलेली होती.

त्यानंतर मी जे काही शिकले ते त्या दोन तासांचे.

आईला आज दोन वेळा शेक दिला. पाणी भरले. दादाचे पत्र नाही.

शनिवार, ता. ६ मे

पाचवा धडा: ज्वालामुखी. हा मला तोंडपाठ आहे. तरी एक एक अक्षर पाहून उतरत आहे.

पृथ्वीच्या पोटात उष्णता फार. खोलवरचा खडक इतका तापलेला असतो की तो वितळावा. पण वरच्या ओझ्याखाली तो दबून राहतो. कोठे चीर पडली, ओझे हलके झाले, की तो पातळ होतो व वर चढू लागतो. त्याच्या अंगात वाफ आणि वायू मुरलेले असतात. वर येता येता ते फुगतात, सुटू पाहतात. मग कोठे राख उडते, कोठे दगड, कोठे तप्त रस वाहतो. हे सर्व गु. नी फार सुरेख सांगितले आहे. शेवटी:

"आणि ज्वालामुखी पाहावयास दूर देशी कशाला जाता? आपल्या साताऱ्याच्या डोक्यावरचा किल्ल्याचा डोंगर पाहा. एके काळी तोही आग ओकत असे. आता थकून निजला आहे. माथ्यावरची तळी म्हणजे त्याचे मिटलेले तोंड."

हेच मी फायनलच्या परीक्षेत लिहिले होते. त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले. जिल्ह्यात पहिली आले. पण गुणांसाठी नव्हे, मला हे वाक्य तसेच आवडते. नळावर घागर लावून उभी असताना मी डोंगराकडे पाहते आणि मनात म्हणते, तूही थकलास ना. नीज.

मंगळवार, ता. ९ मे

ऊन असह्य. विहीर चार परस खाली गेली. म्हणजे चार माणसे एकावर एक उभी राहावीत इतकी. वरचा मुरूम संपला, काळा पाषाण लागला. दिवसाला वीतभरही काम होत नाही. हणमंता म्हणतो, "हा पाषाण म्हंजे सासरा हाय बाई. हासत न्हाई, बोलत न्हाई, हालत न्हाई."

यल्लव्वा खालून ओरडली, "आन तू जावई. रोज हातोडा घिऊन दारात हुबा!"

आई हसली. पुष्कळ दिवसांनी.

शुक्रवार, ता. १२ मे

पाषाण एकाएकी संपला. खाली तांबडी माती. पाषाणाच्या खाली माती! वाळूत सांडलेल्या कुंकवासारखा हातभर जाडीचा पट्टा, विहिरीच्या चारी अंगांनी सारखा.

मी भीत भीत काठाशी गेले. हणमंताला विचारले, ही माती येथे कशी?

"गेरू हाय त्यो. लागायचाच. आता ह्येच्याखाली मांजऱ्या लागंल. भोकाभोकाचा दगड, त्यात पांढऱ्या गारा. पाणी मांजऱ्यात असतंय."

"तुम्हांला आधीच कसे कळले?"

"आवं, लोणंदला खांदली, तुमच्या उंब्रजला खांदली, पार आटपाडीला खांदली. जितं जाल तितं हीच उतरंड. मुरूम, पाषाण, गेरू, मांजऱ्या. त्येच्याखाली फिरून पाषाण. मडक्यावर मडकं."

आटपाडी येथून किती कोस? एका डोंगराच्या तोंडातून निघालेला रस

आई हाक मारते आहे.

शनिवार, ता. १३ मे

मांजऱ्या लागला. सांगितल्याप्रमाणेच. एक तुकडा यल्लव्वाने खिडकीत ठेवला. काळपट, बुडबुडे गोठल्यासारखी छिद्रे.

बुडबुडे मी पाहिलेले आहेत. चुलत्यांच्या गुऱ्हाळात काहील उकळू लागली की रस आधी पातळ असतो. फेस वर येतो, उतू गेला तर सपाट पसरतो आणि निवल्यावर त्याच्या वरच्या अंगाला फुगे तसेच राहतात. तोच पाक दाट झाला की मात्र फटफट उडतो, गुळव्याचा हात भाजतो. कारण वाफेला वाट मिळत नाही. म्हणजे मांजऱ्या हा पातळ रसाचा वरचा पृष्ठभाग. तो निवला. मग त्यावर माती होण्याइतका काळ गेला. वाऱ्यापावसाने दगड झिजून माती व्हायला किती काळ लागेल? मग नवा रस आला, त्याने ती माती वीट भाजावी तशी भाजली, म्हणून तांबडी.

हे मी लिहिते आहे, मी कोण? खाडाखोड करावीशी वाटते. कागद वाया जाईल म्हणून करत नाही.

मंगळवार, ता. १६ मे

दादाचे पत्र आले! तो फौजेत लॉरी हाकतो, समुद्रापार. मार्चअखेरीस लिहिलेले. गावाचे नाव जेथे होते तेथे सेन्सॉरने पात्याने कापून खिडकी केली आहे. तिच्यातून आईने मला पाहिले.

त्याचे शब्द तसेच उतरते:

"इंदे, इथं एक डोंगर पेटलाय. लढाईतला न्हवं, आपला आपुन. तुझं मास्तर सांगायचं तसाच. राती लाल दिसतोय. काळी राख पडती, जोंधळ्याच्या कण्यांवानी, कवा लिंबाएवढं खडं. आमच्या लॉऱ्यांच्या टपावर वीतभर साठली, फावड्यानं वढली. दगडाचा रस गावात शिरला. धावत न्हाई, चालत येतो. आपला लंगडा ढवळ्या बी त्येच्याम्होरं निघून जाईल. पर थांबत न्हाई. घराला टेकतो, टेकून बसतो, मंग भिंत आत पडती. मानसं खाटा, देव, घराची दारं उखडून न्हेत्यात. आमी लॉऱ्या घिऊन त्येंचं सामान वाह्यलं. एक म्हातारी कोंबडी काखंत घिऊन माझ्या शेजारी बसली. मास्तरानं समदं सांगितलं पर वास न्हवता सांगितला. सडक्या अंड्याचा. आईला सांग मी खुशाल हाय."

आई म्हणाली, "राख पडती म्हंजे? एवडी चूल पेटवली कुणी?"

मी धडा समजावून सांगू लागले. तिने मध्येच विचारले, "आपला डोंगर पेटला तर?"

"तो विझला आहे, आई."

"कवा विझला? इझला तर राख कुटं हाय?"

राख कुठे आहे? दादाच्या डोंगरावर राखेचा आणि खड्यांचा ढीग साठून डोंगर झाला आहे. आमच्या डोंगराच्या अंगाला तर पायऱ्यांसारखे सपाट टप्पे आहेत.

गुरुवार, ता. १८ मे

शाळेच्या कपाटात भूगोलाचे एक जुने इंग्रजी पुस्तक आहे. माझे इंग्रजी दुबळे. कोश घेऊन दुपारभर बसले. दीड पान झाले. आपल्या पठाराविषयी सहा ओळी आहेत. डोंगर ओकला असे त्यात नाही. जमीन लांबलांब चिरली आणि चिरांतून पातळ रस पसरत गेला, थरावर थर. एका शब्दाचा अर्थ कोशात पाहिला: भेग. आईच्या टाचांना असते ती.

माझे वाचण्यात चुकले असेल. पुन्हा वाचले. तेच.

रविवार, ता. २१ मे

आज किल्ल्यावर जाऊन आले. जन्म या जिल्ह्यात, दहा वर्षे याच डोंगराच्या सावलीत, आणि कधी वर गेले नव्हते. नळावरच्या सगळ्या बायकांना विचारले. त्यांच्यापैकी दोघी गेल्या होत्या. सारे गाव खालून पाहते आणि खालून जाणते. गु. ही.

कामाला सुट्टी होती म्हणून यल्लव्वा सोबत आली. उन्हाआधी निघालो. चढताना तिचा दम लागत नव्हता, माझा लागत होता. "बाई, शब्दाचं वझं लई दिसतंय," म्हणाली.

कडा जवळून पाहिला. पाषाण, खाली तांबडा पट्टा, खाली छिद्रांचा दगड, पुन्हा पाषाण. विहिरीत पाहिलेलीच उतरंड, उघड्यावर. समोर यवतेश्वराच्या डोंगराकडे पाहिले तर तेथेही पट्टे. सपाट, आडवे, याच उंचीला. मधली दरी कोणी भाकरीचा तुकडा मोडून न्यावा तशी.

मग माथ्यावरचे तळे. पाणी तळाशी, हिरवे. मी काठावर बसून तोंड शोधू लागले: करपलेला दगड, राख, काहीतरी. यल्लव्वा उतरून कडेला गेली आणि दगडावरून बोटे फिरवू लागली. बायका धान्य चाचपून पाहतात तशी.

"हितं या. ह्ये बगा."

तिरप्या रेघा. एकीखाली एक, सारख्या अंतराने.

"छिन्नीचं घाव. मानसानं खांदलंय ह्ये. दगुड काढून वर तट बांदला आन खड्ड्यात पाणी धरलं. आमच्यातल्याच कुणाचं तरी काम." मग जरा पुढे सरकून हसली. "आन ह्यो गडी डावखुरा हुता. घाव उलटा पडलाय."

मी तरी काठाकाठाने दगड पाहत फिरले.

"काय हरवलं का, बाई?"

"एक तोंड."

"उन लागलं तुमास्नी. पदर घ्या डोक्यावर."

सोमवार, ता. २२ मे

काही लिहवत नाही. पाय दुखतात. नळावर डोंगराकडे पाहिले नाही.

बुधवार, ता. २४ मे

मु. प्र. चा पाचवा धडा त्या तीन ओळींपाशी अडला आहे. पान एक्केचाळीस. बाकीचे धडे पुढे लिहीत गेले, आठवा झाला. एक्केचाळिसाव्या पानाखाली कोरी जागा तशीच.

आईला सांगितले. सांगू नये असे वाटत होते, पण दुसरे कोण आहे?

आई म्हणाली, "एवडंच? मग बदल की. त्येंला कुटं दिसतंय?"

ती वाईट मनाने म्हणाली नाही. पण त्या वाक्याने मला रडू आले. त्यांना दिसत नाही, म्हणूनच बदलता येत नाही. दिसत असते तर मी बदलून पान पुढे केले असते, त्यांनी कान धरला असता, आणि मिटले असते.

न बदलता उतरावे, तर किती मुले ते पाठ करतील. एखादी पहिली येईल.

शुक्रवार, ता. २६ मे

पाटीवर पत्राचा मसुदा केला. पुसला. दुसरा केला. "आपल्या चरणी विनंती की" येथपर्यंत ठीक जाते. पुढे "आपण जे लिहिले ते" या शब्दांपाशी हात थांबतो. पत्र त्यांची नात वाचणार, ओसरीवर, मोठ्याने. जावई ऐकणार, शेजारी ऐकणार. साताऱ्याच्या त्या पोरीने मास्तरांची चूक काढली.

आणि "मी वर जाऊन पाहिले" हे वाक्य. काठी टेकून उंब्रजला आलेल्या माणसाला मी हे लिहू?

पाटी पुसून पुसून फडके पांढरे झाले.

रविवार, ता. २८ मे

गु. चे पत्र आले. अक्षर नातीचे, शब्द त्यांचे. "चि. इंदुमतीस अनेक आशीर्वाद. पाचवा धडा उतरला असेलच. तो माझा सर्वांत प्रिय. मुलांना परदेशचे डोंगर सांगून भागत नाही. आपल्या दारचा दाखवावा. मला वर चढणे साधले नाही. पण खालून पाहूनच मी त्याच्याशी मैत्री केली. शिफारसपत्राचा मजकूर मनाशी तयार आहे. पुस्तक हाती आले की सही करतो."

तीन वेळा वाचले. "वर चढणे साधले नाही." एवढी वर्षे मी हे ऐकले नव्हते, त्यांनी सांगितलेही नव्हते.

आता शिफारसपत्र नको असेही म्हणवत नाही, आणि त्यासाठी गप्प बसले असेही व्हायला नको. फार दमले आहे.

मंगळवार, ता. ३० मे

विहिरीला पाणी लागले. सकाळी मांजऱ्याच्या छिद्रांतून पाझर, दुपारी घोटाभर. हणमंताने नारळ फोडला. पहिली कळशी यल्लव्वाने आईला दिली. गोड आहे, थोडे तांबूस.

त्यांचे बिऱ्हाड परवा हलणार. मी यल्लव्वाला विचारले, "हणमंता एखादे दिवशी चुकीच्या जागी खणू लागला तर तू काय करतेस?"

"म्हंजे?"

"तू त्याला सांगतेस का, चुकले म्हणून?"

"मी कशाला सांगू? भांडान हुतंय." बुट्टी पालथी घालून ती तिच्यावर बसली. "खालचा दगुड काडून त्येच्या हातावर ठिवती. दगुड बगितला की त्येला समजतंय. त्योच म्हनतो, हितनं हला."

गुरुवार, ता. १ जून

बिऱ्हाड हलले. गाढवांवर संसार, वर घण. यल्लव्वा खिडकीशी आली. "तुमचं लिवनं सरलं का?"

"एक पान राहिले."

"ऱ्हाऊ द्या की जरा. दगुड कुटं पळतोय?" गेली.

काल तिने काढून ठेवलेले तीन तुकडे धुऊन उन्हात वाळवले.

शुक्रवार, ता. २ जून

मु. प्र. पूर्ण. चौदाही धडे, मक्षिकेच्या जागी मक्षिका. फक्त पान एक्केचाळिसावर तीन ओळींची जागा कोरी सोडली. त्यांचे शब्द मी खोडलेले नाहीत. मूळ टिपणाचा कागद त्याच पानाला टाचला आहे. माझे शब्द घातलेले नाहीत. निराळ्या चिठीवर पेन्सिलीने एवढेच लिहिले, पुसता यावे म्हणून:

"आमचा डोंगर कधी ओकला नाही. जमीन भेगाळली, भेगांतून दगडाचा पातळ रस पसरला व निवला. त्यावर माती झाली. पुन्हा रस आला, असे अनेकदा. पुढे पाण्याने मधले मधले कोरून नेले. उरला तो डोंगर."

त्यांच्या वाक्यासारखे सुरेख नाही. वाचून झोप येणार नाही कोणाला.

तीन दगड तीन फडक्यांत बांधले. पाषाणाला एक गाठ, गेरूला दोन, मांजऱ्याला तीन. वरून खाली ज्या क्रमाने लागले त्या क्रमाने. डोळ्यांनी दिसले नाही तरी बोटांना गाठी मोजता येतील, आणि मांजऱ्याची छिद्रे तर बोटांनाच अधिक कळतात.

आणि या वहीतली बारा मेपासूनची पाने मोठ्या अक्षरात उतरून काढली, जाड टाकाने, एका पानावर सहाच ओळी. विहीर, दादाचे पत्र, किल्ला, डावखुऱ्याचे घाव; सगळे. आईचे वाक्यही ठेवले. माझे रडणेही, वगळले तर नक्कल खोटी होईल. शाळेचा शिल्लक कागद बाईसाहेबांना विचारून घेतला, सगळा संपला. इतक्या मोठ्या अक्षरात मी कधी लिहिले नाही. लाज वाटते, रस्त्यात ओरडल्यासारखी. पण ते त्यांना भिंगाने स्वतः वाचता येईल. नातीला हाक मारावी लागणार नाही. ओसरीवर कोणाला ऐकू जाणार नाही.

वाईट वाटेल. रागावतील. कदाचित तीन ओळी पुन्हा जशाच्या तशा लिहवून घेतील. ती जागा त्यांचीच आहे. कदाचित दुसऱ्या कोणाला बोलावतील. कदाचित

आईने पार्सल शिवले. गुडघे दुखत असताना, खाली बसून, दुहेरी दोऱ्याने. शिवता शिवता म्हणाली, "दगुडच पाठवायचा हुता तर येवडं लिवलंस कशाला?"

शनिवार, ता. ३ जून

पोस्टात गर्दी. पार्सल तराजूवर ठेवले तर पारडे धाडकन खाली गेले. पोस्टातल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिले.

"काय आहे यात? लोखंड?"

"हस्तलिखित. आणि दगड."

"दगड? रजिस्टरने? का हो बाई, सांगलीत दगड नाहीत?"

मागच्या रांगेत हशा झाला. एरवी मी मान खाली घातली असती. आज मान वरच राहिली. बहुधा खाली घालायचेही त्राण नव्हते.

"आहेत. तेच दाखवायचे आहे," मी म्हटले.

त्यांनी लाखेवर शिक्का दाबला.

बाहेर आले. डोंगराकडे पाहिले. तोच, ऊन अंगावर घेऊन उभा. नीज म्हणणे आता बरे नव्हे.

पोहोच आलेली नाही, इतक्यात येणारही नाही. पावतीवरून उतरून ठेवते: पार्सल दिले शनिवार, ता. ३ जून १९४४, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. ही लढाईपायी घड्याळे पुढे केल्यानंतरची नवी वेळ, गु. अजून जुनीच पाळतात, त्यांच्या वेळेने नऊ चाळीस.